काहूनआत्या

आमच्या आत्याचं नाव सुमन, पण अकोल्यातल्या तिच्या अख्ख्या गल्लीत ती काहूनआत्या. कोणी काहीही सांगितलं की तिच्या तोंडून आधी 'काहून?', म्हणजे आपलं 'का?', निघायचं. पुण्याहून आलेल्या सुनेला पहिल्याच दिवशी वाटलं, सासूबाई भांडायला उठल्या. ती रडायला लागली, तर आत्याने जवळ बसून विचारलं, "काहून रडून राहिली वं?"

आत्याचे यजमान, आमचे मामाजी, मास्तर होते. रिटायर झाल्यावर ते ओट्यावर बसून मोठ्याने पेपर वाचत. तोंडाच्या कॅन्सरवरचा लेख त्यांनी साऱ्या गल्लीला समजावून सांगितला, तोही गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून. त्यांना सगळं माहीत होतं, फक्त ते दुसऱ्यांसाठी होतं.

मग जवळच्या शाळेत कॅन्सर तपासणीचं शिबिर भरलं. बायका शहाण्यासारख्या रांगेत, त्यात आत्याकडे आलेली मीही. या म्हटलं म्हणून आलो होतो. कशाची तपासणी, काय करणार, एकीला ठाऊक असेल तर शपथ. नर्सबाई म्हणाल्या, आत जाऊन झोपा. आत्या म्हणाली, "काहून?" तुमच्या भल्यासाठी, असं उत्तर आलं.

"भलं कायचं, थे तं सांगा."

मागच्यांनाही धीर आला आणि 'काहून'ची लागण रांगभर पसरली. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, खुर्ची ओढून बसल्या. छातीत काय बघतात, गर्भाशयाच्या तोंडाशी काय बघतात, दुखतं का, काही निघालं तर पुढे काय, सगळं त्यांनी सांगितलं. नको असेल तर नाही म्हणा, हेही सांगितलं. एक जण उठून घरी गेली. बाकीच्या आत गेलो, आत्या सगळ्यांच्या पुढे.

पुरुषांना तर नुसतं तोंड उघडायचं होतं, पण त्यांच्या टेबलाशी शुकशुकाट. मामाजी दारात उभे राहून लोकांना माहिती देत होते. आत्याने बोलावलं, तर म्हणाले, "काहून? मले काय झालं?"

तिचाच शब्द. आत्या दारात त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. मग ती हळूच म्हणाली, "माहा काहून समजून घ्यासाठी असते. तुमचा पळासाठी." तिचे डोळे भरले होते. त्यांच्या गालातला पांढरा चट्टा तिला दिसला होता, आणि तिखट झोंबतं म्हणून ते भाजी बाजूला सारतात हेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. मामाजींनी बाहेर जाऊन खर्रा थुंकला, चूळ भरली आणि टेबलासमोर बसून तोंड उघडलं.

चट्टा वेळेत सापडला. छोटं ऑपरेशन झालं, खर्रा सुटला, मामाजी वाचले. गेली ती आत्याच, मागच्या वर्षी, झोपेत. 'काहून' विचारायचीही सवड तिला मिळाली नाही. घर फार गप्प झालंय.

परवा अकोल्याला गेले, तर मामाजी इस्त्रीचा सदरा घालून तपासणीला निघालेले, एकटेच. मी चिडवलं, आता ओढून नेणारं कोणी नाही, तरी जाताय?

ते चपला शोधत म्हणाले, "वर गेल्यावर थे पयले हेच विचारन, काहून नाई गेले? मंग मी काय सांगू?"