दगडांवरचं पाणी

त्या बंगल्याला आमच्याकडे सगळे चित्रकाराचा बंगला म्हणत. चित्रकाराने तो बांधलेला नव्हता. इंग्रजांच्या काळात कुणा व्यापाऱ्याने गोदावरीकाठी, शहराच्या वरच्या अंगाला, हवा खायला बांधलेलं ते कौलारू घर. मुंबईचा एक चित्रकार दर हिवाळ्यात येऊन ते भाड्याने घ्यायचा आणि महिनाभर समोरचं नदीपात्र रंगवायचा. तो वारल्यावर एका विश्वस्त मंडळाने बंगला सुट्टीसाठी द्यायला सुरुवात केली. व्हरांड्याच्या फरशीवर त्याच्या रंगांचे डाग होते, निळे आणि मातकट. ते पुसायचे नाहीत अशी राखणदाराला ताकीद होती. पाहुणे त्या डागांचे फोटो काढायचे.

माझी नोकरी वरच्या धरणाच्या पाण्याची. कधी सोडायचं, किती सोडायचं, कुणासाठी सोडायचं, हे ठरवणाऱ्यांच्या हाताखालचा मी माणूस. माझ्या दृष्टीने पाणी नसलेली नदी म्हणजे नदीच नव्हे. पुढे जे झालं त्यात या समजुतीचा वाटा आहे, पण सगळा दोष तिच्यावर ढकलता येत नाही. ढकलून पाहिला आहे.

लग्नाआधी बायको चित्रकलेच्या पदविकेची दोन वर्षं करून बसली होती. राहिलेली वर्षं लग्नानंतर कर, असं आमच्याच घरच्यांनी बोलणीत कबूल केलं होतं. मग माझी आई अंथरुणाला खिळली. आईचं सगळं हिने केलं आणि मी ऑफिसला जात राहिलो. आई गेली तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. एके दिवशी बायको आपल्या जुन्या सरांना भेटून आली. सर म्हणाले होते, परत घेतो, पण हात राहिलाय का ते बघू दे. निसर्गातलं एक ताजं जलरंग चित्र घेऊन ये. ते सांगताना ती स्वयंपाकघरात उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते.

तिला त्या बंगल्यासमोरचं पात्र रंगवायचं होतं. विद्यार्थी असताना सरांनी तिच्या वर्गाला तिथे नेलं होतं. हिवाळ्यात पाणी उतरलं की काळा कातळ उघडा पडतो, त्यात रांजणासारखे खळगे असतात, खळग्यांत पाणी साचलेलं असतं आणि सकाळी आठच्या सुमारास त्यावर तिरपं ऊन येतं. हे सगळं तिने मला समजावून सांगितलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. मी पेपर वाचत हो म्हणालो. बंगला मीच ओळखीने मिळवला आणि तारखाही मीच निवडल्या. त्याच आठवड्यात खालच्या गावांच्या रब्बीसाठी पाणी सुटणार होतं, हे मला माहीत होतं. मनात म्हटलं, तीन दिवसांपैकी निदान शेवटच्या दिवशी तरी हिला भरलेली नदी दिसेल. मी ते भेट म्हणून राखून ठेवलं होतं.

राखणदार गमत्या होता. चित्रकार नेमका कुठे बसायचा, असं बायकोने विचारलं तर म्हणाला, "मला काय म्हाईत, ताई? मी तवा शाळंत व्हतो. लोक इचारत्यात, मी सावली बघून दाखिवतो." बायको इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तिचं तसं हसणं मी विसरून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कातळावर बसली. मी व्हरांड्यातून चहा घेऊन खाली गेलो तर तिने मान वर केली नाही. कागद ओला होता आणि रंग आपोआप पसरत होते. काळा म्हणून जो दगड मी रोज पाहत आलो त्यात तिने जांभळा घातला होता, आणि तो खराच तिथे होता. ऊन वर चढलं तशी ती थांबली. म्हणाली, पहिले हात झाले, आता हे वाळेल, उद्या याच उजेडात बसले की होईल. तिचा चेहरा खुलला होता. हात राहिलाय, असं ती स्वतःशीच म्हणाली.

संध्याकाळी व्हरांड्यात बसलो असताना मी माझी भेट उघड केली. पहाटे पाणी सुटणार, सकाळपर्यंत सगळं पात्र भरेल, असं मोठ्या हौसेने सांगितलं.

ती म्हणाली, "दुपारपर्यंत थांबवता येईल का?"

माझ्या जागी त्या आठवड्यात जो सहकारी होता तो माझ्या शब्दाबाहेरचा नव्हता. फोन आत दिवाणखान्यात होता. मी म्हणालो, "चित्रासाठी कोणी पाणी थांबवतं का? ऑफिसात काय सांगू, बायकोला दगड रंगवायचेत?"

"मागच्या वर्षी थांबवलं होतंत."

मागच्या वर्षी वरच्या साहेबांच्या पाहुण्यांना नदीपात्रात बसून हुरडा खायचा होता. मी अर्धा दिवस पाणी अडवून ठेवलं होतं आणि घरी येऊन त्याची फुशारकी मारली होती.

"ते वेगळं होतं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "ते हुरडा खायला आले होते."

मी उठलो नाही. नियम आडवा आला नाही, शेतकऱ्यांची काळजीही नाही. ऑफिसात हसतील, बायकोच्या तालावर नाचतो म्हणतील, एवढंच मनात होतं.

सकाळी कातळ पाण्याखाली होता. राखणदार खुशीत म्हणाला, "ताई, आज नदी लय झाक दिसती. काढा की आता." बायकोने त्याला हो म्हटलं. मग कालचा कागद न्हाणीघरातल्या नळाखाली धरला आणि स्पंजने पुसत राहिली. मी विचारलं, हे काय करतेस? म्हणाली, "कागद चांगला आहे, वाया कशाला घालवायचा?" घरी आल्यावर तो कापून तिने भांड्यांच्या खणात अंथरला. सरांकडे ती गेली नाही. मी एकदा आठवण केली तर म्हणाली, दाखवायला काही नाही. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दोन हजार सालानंतर त्या भागात द्राक्षांचे मळे आणि शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येणारे लोक वाढले. बंगल्याचं भाडं चौपट झालं आणि चित्रकाराची रेखाटनं जेवणाच्या मेनूकार्डावर आली. मला बढती मिळाली. माझा तो सहकारी आता धरणावरचा मुख्य होता. एका जानेवारीत मी त्याला फोन केला आणि अडखळत विचारलं, की उद्या सकाळी पाणी सोडायचं आहे ते दुपारपर्यंत थांबवता येईल का, हिला चित्र काढायचंय.

तो म्हणाला, "एवढंच ना साहेब? निवांत काढू द्या वहिनींना. चार तासांनी कुणाचं पीक वाळत नाही."

तो हसला नाही. इतकं सोपं होतं ते.

नवे रंग, नवा कागद मी आधीच आणून ठेवले होते. ती आली. नको म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. आठच्या उन्हात आम्ही कातळावर बसलो. खळग्यांत पाणी होतं, सगळं तिने सांगितल्यासारखंच होतं. तिने पेटी उघडली नाही. पदर आवरून पात्राकडे पाहत बसली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही थांबवलंत, बरं केलंत. पण मला आता नुसते दगड दिसतात."

मी म्हणालो, बस थोडा वेळ, दिसेल. ती बसलीही, माझ्यासाठी. मग उठली आणि म्हणाली, घरी मेथी निवडायची राहिलीय.

गाडीशी येऊन मी मोबाइल काढला आणि सहकाऱ्याला सांगितलं, सोडा पाणी.

"झालं का वहिनींचं चित्र?" त्याने विचारलं.

ती गाडीत बसली होती, काच उघडी होती.

"झालं," मी म्हणालो.