मोठ्या भावोजींचे ठराव

आमच्या मोठ्या भावोजींचा पालिकेवर जेवढा जीव होता, तेवढा पालिकेचा पगार घेणाऱ्यांचाही नसेल. कोणी सवड काढून देवळात जातं, कोणी नुसतंच नाक्यावर उभं राहतं. भावोजी पालिकेच्या सर्वसाधारण सभेला जात. नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हा आमच्या नारपोलीच्या गल्लीत फटाक्यांची माळ लावणारे ते एकटेच होते. "आता आपन म्हाशहरात रातो," असं म्हणत ते माळ पेटवून मागे सरले आणि खड्ड्यात घोट्यापर्यंत गेले. पाय काढता काढता म्हणाले, "ह्यो बी आता म्हानगरपालिकेचा."

ते माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग ठीक करणारे. सभेच्या दिवशी मात्र ड्युटी दुसऱ्याला देऊन लग्नातला कोट घालून निघायचे. कोट त्यांना पोटावर बसत नव्हता, म्हणून बटणाच्या जागी सुताचा धागा बांधलेला असे. तिथे मागच्या बाकावर बसून ते प्रत्येक ठरावाला हात वर करायचे. एकदा शिपाई येऊन म्हणाला, "काका, तुमचा हात मोजत नाहीत." भावोजी म्हणाले, "नको मोजू. पन वर तर असू दे." त्यानंतर शिपायाने त्यांना कधी अडवलं नाही. उलट सभा लवकर उठली तर तोच सांगायचा, "काका, आज हात खाली ठेवा, कोरम नाही."

सभेची ही सवय ते घरी घेऊन येत. आमच्या घरात रविवारी बोंबील करायचे तरी ठराव व्हायचा. भावोजी जेवणाच्या पाटावर ताठ बसून म्हणायचे, "उद्या बोंबलाचं कालवण करन्यात यावं. सूचक मी. अनुमोदन?" मग जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको, चुलीपासूनच म्हणायच्या, "बाजारात जाशील तवा अनुमोदन." की लगेच ठराव मंजूर. त्यांनी अनुमोदन दिलं नाही तर घरात मडकंसुद्धा जागचं हलत नसे. भावोजींच्या सगळ्या कारभारात विरोधी पक्ष त्या एकट्याच होत्या आणि बहुमतही त्यांचंच होतं.

जाऊबाईंना दमा होता. बरीच वर्षं त्यांनी कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या होत्या, सुताचा भुगा छातीत गेला होता. त्यात गल्लीच्या तोंडाशी सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना. त्याच्या भट्टीची राख तोंडाशीच टाकत, तिचे ढीग झाले होते. पुढच्या रस्त्यावर ट्रक खड्ड्यांतून उडत गेले की धूळ आणि राख दोन्ही आमच्या खिडकीत. वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी उंदरासारखं दिसायचं. जाऊबाई खिडकी लावायच्या तर आत जीव गुदमरायचा, उघडायच्या तर खोकला. भावोजींचं पालिकेवरचं प्रेम मुळात यातून आलं होतं, हे मला फार उशिरा समजलं. मला वाटायचं, त्यांना सभाच आवडतात.

खड्डे ते धोट्याने मोजत. मागावर आडवं सूत घेऊन धावतो तो लाकडी धोटा. त्यांच्या पिशवीत तो कायम असे. अर्जात आमच्या दारचा खड्डा 'एक धोटा खोल, पाच धोटे रुंद' असाच जायचा. दुसऱ्या गावात साहेबाने विचारलं असतं, धोटा म्हणजे किती? आमच्याकडे कोणी विचारलं नाही. हवेसाठी त्यांनी वेगळी तऱ्हा काढली होती. कोऱ्या कापडाची वीतभर पट्टी सकाळी खिडकीला टांगायची आणि संध्याकाळी काळी झाली की अर्जाला टाचायची. असा पहिला अर्ज दिला तेव्हा साहेबाने पट्टी बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाला, "माल बरा आहे. पण रंग एकसारखा बसला नाही." त्याला वाटलं भावोजी नमुना घेऊन आलेत. भावोजी घरी येऊन हे सांगताना इतके हसले की जाऊबाईंनाही हसू आलं. हसण्याचा मग खोकला झाला आणि भावोजी पाण्याचा तांब्या आणायला उठले.

अर्ज लिहायचे मी. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर वळणदार होतं. भावोजींना वाचायला यायचं, तेही बोट ठेवून. लिहायला बसले की घाम फुटायचा. आता अडचण अशी की मोठ्या दिरासमोर बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. गाव सोडून किती वर्षं झाली तरी ती सुटली नव्हती. म्हणून भावोजी बाहेरच्या खोलीत बसून सांगत, "तिला सांग, लिही, मेहेरबान साहेब." मधल्या दारात जाऊबाई. त्या आत वळून सांगत, "लिही गं, मेहेरबान साहेब." मध्ये एक पडदा होता, मला भावोजींचं बोलणं थेट ऐकू यायचं, पण जाऊबाईंनी सांगेपर्यंत मी पेन टेकवत नसे. एका अर्जाला दुपार जायची. जाऊबाई आपल्या पदरचंही घालायच्या. भावोजी म्हणत, "आमास त्रास होतो." जाऊबाई म्हणत, "लिही, लय त्रास होतो, आनि साहेबांच्या बायकोला होत नसंल तर तिनं यावं रायला."

त्या उन्हाळ्यात भावोजींनी एकाच दिवशी दोन अर्ज सांगायला घेतले. एक राखेचे ढीग उचला म्हणून, दुसरा खड्डे बुजवा म्हणून. "तिला सांग, दोन येगळे कागद हायेत." पहिला अर्ज निम्मा झाला आणि जाऊबाईंना दम लागला. दाराच्या चौकटीला धरून त्या एकेक शब्द सांगत होत्या. दुसरा अर्ज म्हणजे पुन्हा मेहेरबान साहेबापासून सगळं त्यांच्या तोंडून घ्यायचं. मी त्यांच्या खांद्याकडे बघितलं, तो नुसता वरखाली होत होता. मी खड्ड्यांचं त्याच कागदावर राखेच्या खाली लिहून टाकलं आणि कागद पुढे केला. भावोजींनी पट्टी टाचली, सही केली.

तो अर्ज सभेत गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. भावोजी मागच्या बाकावर होते. आमच्या गल्लीचं नाव ऐकलं मात्र, त्यांनी दोन्ही हात वर केले, पुढचं काही ऐकलंच नाही. 'मंजूर' शब्द तेवढा ऐकला. घरी पेढे आले, सायझिंगच्या भट्टीवाल्यालासुद्धा दिला. आठ दिवसांनी ट्रॅक्टर आला आणि मंजूर काय झालं होतं ते समोर दिसलं. दोन्ही तक्रारी एका कागदावर होत्या, म्हणून त्या एकाच ठरावात सुटल्या: राखेचे ढीग उचलले आणि खड्ड्यांत भरले.

पहिले काही दिवस रस्ता पाटासारखा होता. भावोजी कारण नसताना सायकलवरून घंटी वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. मग राख सुकली. ट्रकच्या चाकांखाली तिचं पीठ झालं, खड्डे पुन्हा उघडे पडले आणि जी आधी गल्लीच्या तोंडाशी होती ती आता दारादारात उडायला लागली. संध्याकाळची पट्टी दुपारीच काळी व्हायची. भावोजींनी ती खिडकीतून काढली, घडी केली आणि खिशात ठेवली. अर्जाला टाचली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते झारी घेऊन रस्त्यावर पाणी शिंपायला लागले. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, तेही हंडाभर. त्यातलं आंघोळीचं पाणी ते रस्त्याला घालत. समोरच्या लूमवरचा बिहारी कारागीर हसून म्हणायचा, "चचा, सडक पे धान लगाओगे क्या?" भावोजी झारी न थांबवता म्हणायचे, "हां, कटाई के टाइम तू आ जाना." पण शिंपलेलं ट्रक जाईपर्यंतच टिकायचं.

जाऊबाईंना बसून झोपायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, इथून हलवा. शेलार गावाच्या पलीकडे जाऊबाईंच्या भावाचं घर होतं, तिथे झाडं होती. रिक्षा आली. दोन लुगडी पिशवीत घालून त्या आत बसल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "मी ठराव मांडते. गल्लीचा रस्ता डांबराचा झाला का मी परत येनार. सूचक मी." त्यांनी एकेकाकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. भावोजी समोर उभे, माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. शेवटी आमचे हे म्हणाले, "अनुमोदन, वैनी." भावोजी रिक्षावाल्याला सांगत होते, "हळू ने रे, खड्डे मी दाखवतो," आणि रिक्षापुढे चालत गल्लीच्या टोकापर्यंत गेले.

त्यानंतर अर्ज लिहिणं अवघड झालं. मधल्या दारात कोणी नव्हतं. भावोजी भिंतीकडे बघून म्हणायचे, "मेहेरबान साहेब." मग थोडं थांबायचे, जाऊबाईंना लागायचा तेवढा वेळ. मी पण तेवढा वेळ थांबायचे आणि मग लिहायचे. आता एका कागदावर एकच तक्रार असे. ते रोज पालिकेच्या ऑफिसात जात, दर रविवारी शेलारकडे जात आणि येऊन भिंतीला सांगत, "आज दोन भाकऱ्या खाल्ल्या. रस्त्याचं इचारीत व्हती. मी म्हनलं, खडी पडली."

खडी खरंच पडली, पण पाऊस संपल्यावर. रोलर आला त्याच आठवड्यात शेलारकडून निरोप आला. जाऊबाई पहाटे गेल्या होत्या.

तेरावं करून भावोजी परतले तेव्हा गल्ली डांबराने काळीभोर झाली होती. कोपऱ्यावर रिक्षा थांबवून ते उतरले, चपला हातात घेतल्या आणि घरापर्यंत अनवाणी चालत आले. सगळ्यांनी खिडक्यांतून पाहिलं.

घरी येऊन ते बाहेरच्या खोलीत बसले आणि भिंतीला म्हणाले, "लिहून घ्यावं. आभाराचा अर्ज. आमच्या गल्लीचा रस्ता झाला, आमी आभारी हावोत." मी कागद घेतला. आभारी लिहीपर्यंत हात चालला, पुढे चालेना. तसंच पडद्याआडून मी बोलले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

"भावोजी, तुमी दोन येगळे अर्ज सांगितले व्हते. मी एकात लिवले."

मग ते म्हणाले, "म्हाईत हाय. सही करायच्या आदी बोट ठेवून वाचला मी. तिला पुना सांगाया लावनं माज्याबी जिवावर आलं." पुढे म्हणाले, "अक्षर तुजं व्हतं. सही माजी हाय."

मी डोळे पुसले. कागद तसाच राहिला. बाहेर त्यांनी झारी उचलून कोपऱ्यात ठेवल्याचा आवाज आला, आता तिचं काम नव्हतं. मग नेहमीच्या, पाटावर बसून बोलायच्या आवाजात ते म्हणाले, "च्या टाकन्यात यावा. सूचक मी."

आणि थांबले. मधल्या दाराकडे बघत थांबले असतील. तिथून उत्तर यायला लागायचा तेवढा वेळ गेला, त्याहून जास्त गेला.

मी उठले, मधल्या दारात जाऊबाई उभ्या राहायच्या तिथे उभी राहिले आणि म्हटलं, "अनुमोदन."

भावोजींनी हात वर केला, आणि बराच वेळ तसाच ठेवला.