पेठचं पाळलेलं मुंगूस

नाशिकचा पेठ नाका मागे पडला, द्राक्षबागा सुरू झाल्या, तरी माझ्या लेकीचं खिडकीबाहेर लक्ष नव्हतं. "आई, ते चावत नाही ना गं?" नऊ वर्षांच्या मुग्धानं पुन्हा विचारलं. खरं तर तोच प्रश्न मलाही पडला होता.

'ते' म्हणजे मुंगूस. माझा धाकटा भाऊ सुधीर पेठला कृषी सहायक होता. दोन हजार सालानंतर आमच्या सोसायटीत पॉमेरेनियन, लॅब्रेडोर दिसू लागले होते आणि मुग्धानं कुत्र्याचा हट्ट धरला होता. सुधीरला ते अजिबात पटत नसे. "थंड देशातलं केसाळ कुत्रं आणायचं आणि इथल्या उन्हात धापा टाकायला लावायचं! त्यापेक्षा आपल्या मातीतलं काही पाळ ना ताई. आधी माझा गंप्या बघून जा," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. शेताच्या बांधावर सापडलेलं मुंगसाचं हे पिल्लू त्यानं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं.

करंजाळीला चहा घेतला. पुढे कोटंबीच्या घाटात सागाची पानं गळून डोंगर उघडे पडले होते. वळणावळणाला मोहाच्या फुलांचा गोडसर वास येत होता.

सुधीरची खोली गावाच्या टोकाला होती. गंप्या त्याच्या खांद्यावरच बसला होता. करड्या अंगाचा, लाल डोळ्यांचा, एक क्षण स्वस्थ नसलेला. आम्हाला बघताच त्याचे केस उभे राहिले आणि शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगली. मुग्धा माझ्यामागे लपली. घरमालकीण हिराबाईंनी जेवायला नागलीची (नाचणीला तिकडे नागली म्हणतात) भाकरी आणि उडदाचं झणझणीत कालवण दिलं. तोवर मुग्धाची भीड चेपली होती. सुधीरनं गंप्यापुढे अंडं ठेवलं. त्यानं ते पुढच्या पायांत धरून मागे भिंतीवर आपटलं आणि फोडलं, तशी ती टाळ्या वाजवायला लागली. अंड्याच्या टरफलाचा एक तुकडा तिच्या पायाशी आला. तो उचलायला ती वाकली.

किंकाळी ऐकून मी वळले तर तिच्या बोटातून रक्त ठिबकत होतं.

"खेळताना दात लागला असेल," सुधीर म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. मी साबणानं बोट धूत राहिले. "घरातलंच जनावर आहे ताई, बाहेर कुठं जात नाही."

"नाय कसं?" हिराबाई म्हणाल्या. "होळीला दोन रोज गायब होता ना? तुम्हीच हाका मारत हिंडला. जंगलाचा जीव हाय तो."

मी मुग्धाचा हात धरला आणि आम्ही गावातला दवाखाना गाठला.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी जखम पुन्हा धुतली. "रेबीजची लस आज इथं शिल्लक नाही. नाशिकला न्या, आजच. कुत्रं असतं तर दहा दिवस जगतंय का यावर लक्ष ठेवा म्हटलं असतं. मुंगसाचं मी छातीठोक सांगू शकत नाही. सुया सगळ्या घ्यायच्या." मग सुधीरकडे बघून म्हणाले, "आणि हे पाळायला बंदी आहे, ठाऊक आहे ना?"

आम्ही काळीपिवळी जीप धरली. कोटंबीच्या घाटात एक ट्रक आडवा झाला होता. ड्रायव्हर म्हणाला, "लय येळ नाय लागायचा," आणि खाली उतरून बिडी ओढत बसला. मुग्धानं हळूच विचारलं, "आई, मी आता पाण्याला भिणार का?" पिसाळलेलं जनावर चावलं की माणूस पाण्याला भितो, असं शाळेत कुणीतरी तिला सांगितलं होतं. मी बाटली तिच्या तोंडाला लावली आणि ती घोट घेईपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत राहिले.

नाशिकला पहिली सुई मिळाली. पूर्वी पोटात टोचत, आता दंडात देतात, एवढाच काय तो दिलासा. पुढे महिनाभर सुया चालल्या. तिनं अर्धा पेला पाणी न पिता ठेवलं तरी माझा जीव खालीवर व्हायचा. सुधीरनं गंप्याला पिंजऱ्यात ठेवलं होतं. एसटीडी बूथवरून त्याचा फोन यायचा, "ताई, जिवंत आहे, खातोय." नंतर म्हणाला, "जाळीवर नाक घासून सोलून घेतलंय त्यानं."

शेवटची सुई झाली आणि आम्ही पुन्हा पेठला गेलो. घरामागच्या ओहळापाशी सुधीरनं पिंजऱ्याचं दार उघडलं. गंप्या लगेच पळाला नाही. सुधीरच्या चपलेपाशी आला, ती हुंगून करवंदीच्या जाळीत शिरला. पानं हलली, मग थांबली. सुधीर तिथंच उकिडवा बसून राहिला. हिराबाईंनी हाक मारली तरी उठला नाही.

परतीच्या एसटीत मला वाटत होतं, माणसाच्या घरावाचून ज्याचं काही अडत नाही, त्याला आपलं म्हणून घरात कोंडावं कशाला? सुधीरची माया खोटी नव्हती, मुग्धाची हौसही. पण गंप्याची जागा तिथंच, ओहळापलीकडे होती.

करंजाळी गेल्यावर मुग्धा म्हणाली, "आई, मी वाकले तेव्हा तो मला घाबरला असेल का गं?"

महिनाभर माझ्या मनात फक्त आमचीच भीती होती. "घाबरला असेल," मी म्हणाले, आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.