कॅन्सल दस्तावरची जाळी

दस्त नोंदणी कचेरीतल्या रेकॉर्डवाल्या काकांना एखादा दस्त कॅन्सल करायला सांगितला, की ते त्यावर नुसती काट मारत नसत. पट्टी घेऊन तिरप्या रेघांची जाळी काढत. एका पानाला दहा मिनिटं. नव्या साहेबांनी जाड काळा मार्कर आणून दिला, तर काकांनी त्यांचीच शिकवणी घेतली. कॅन्सल हा शब्द लॅटिनमधल्या जाळीवरून आलाय, मजकुरावर जाळीसारख्या रेघा ओढणं हाच त्याचा मूळ अर्थ. खालचं वाचता आलं पाहिजे. जुन्या न्यायालयात जाळीपाशी बसणाऱ्या कारकुनापासून पुढे चॅन्सेलर निघाला, तेव्हा विद्यापीठाचे चॅन्सेलर आपल्याच भावकीतले, असंही ते छातीठोकपणे सांगत. चौतीस वर्षांत आपला हात चुकला नाही, हे तर रोजचंच. साहेबांनी हात टेकले.

निवृत्तीला अठरा दिवस असताना एक शिवणकाम करणारी बाई आली. आईने राहत्या दोन खोल्या तिला बक्षीसपत्राने दिल्या होत्या, आणि आता भाऊ म्हणत होता, तो दस्त कधीच कॅन्सल झालाय, खोल्या खाली कर. साहेबांनी दस्तांच्या वहीतली जाळी पाहिली आणि दस्त कॅन्सलच आहे म्हणून सांगितलं. बाई जागची हलेना. आई असं करणार नाही, एवढंच म्हणत राहिली.

काकांना राग आला. आपल्या कामावर शंका म्हणजे काय! त्यांनी ऐटीत चष्मा चढवला, दस्त कॅन्सल करायचा जुना हुकूम शोधून काढला आणि जाळीखालचा मजकूर मोठ्यानं वाचायला घेतला. आईचं नाव, दोन खोल्या, दस्त क्रमांक एकशे बारा. हुकुमात होता एकशे एकवीस. काकांनी दोन्ही आकडे बोट ठेवून पुन्हा वाचले.

वही मिटून टाकता आली असती. अठरा दिवसांनी त्यांना विचारायला कोण येणार होतं?

“साहेब, हुकूम दुसऱ्याच दस्ताचा होता,” काका म्हणाले. “यांचा मी चुकून कॅन्सल केला.”

साहेबांनी हळूच सुचवलं, की कचेरीची नजरचूक असं मोघम लिहू; जाता जाता नावाला बट्टा कशाला?

“नाव घालायचं. कोर्टात यांना विचारतील, चुकलं कोण.”

काकांनी ठसठशीत अक्षरात सगळं लिहिलं, खाली सही केली, साहेबांचा शिक्का घेतला आणि प्रत बाईच्या हातात दिली. तिने ती तीनदा वाचली.

“मग बांधलेलं सामान सोडू?”

“सोडा. कोणी काही बोललं, तर मला बोलवा.”