घमेल्याखालचं डोकं

साहेबानं माझ्या डोक्यावरचं हेल्मेट उचललं. आतून रुमालानं तीनदा पुसलं आणि पाहुण्याच्या डोक्यावर ठेवलं. रांजणगावला गोडाऊनचं बांधकाम, कंपनीचे पाहुणे बघायला आलेले, एक हेल्मेट कमी पडलं होतं.

"साहेब, मंग मला?"

"तुला कशाला? तुझ्या डोक्यावर घमेलं असतं की. वरून काही पडलं तर घमेल्यात पडेल!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. असं हसले की दौंडच्या यार्डात उभी मालगाडी दचकून चालू लागली असेल. मग जिन्यातून बघितलं. साहेबानं तो रुमाल कचऱ्यात टाकला. माझा घाम लागला होता ना त्याला.

गड्यांना हेल्मेट, बायांना चुंबळ. ही तिथली रीत. माझं हेल्मेट गावी गेलेल्या एका बिहारी मिस्त्रीनं दिलेलं, खाली वाळू भरताना घालायचे. वर चढताना काढावंच लागायचं. त्यावर घमेलं ठरत नाही.

बायांना मी सांगायचे, "भीमेची वाळू संपली ती माझ्या डोक्यावरनं. वाळूवाले उगं बदनाम झाले."

माझी धाकटी जाऊ पारू पोट धरायची. "आक्का, गप बसा वो, घमेलं पडंल माझं!"

चौथ्या दिवशी ती जिन्यात माझ्यापुढं तीन पायऱ्या होती. परांचीचा लोखंडी क्लँप सुटला. बरोबर घमेल्यात पडला. साहेब म्हणाला होता तस्सा. खाली ओली वाळू, वाळूखाली पारूची मान. मोडली.

शिरूरच्या दवाखान्यापर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर. मी बोलत होते, काहीबाही, एकाहून एक थापा. हसली नाही. तिच्या केसांतली वाळू बोटांनी काढत राहिले. शिरूर आलं तेव्हा पारू संपली होती, वाळू नाही.

दवाखान्याच्या आवारात साहेबानं मला बाजूला घेतलं. पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाला.

"ताई, पोलीस येतील. तिचा पाय घसरला म्हणा. तुम्ही छान रंगवून सांगता. तुमचं पटतं लोकांना."

त्या दिवशीचं माझं हसू यानं होकार म्हणून धरलं होतं.

"साहेब, मी थापा मारते त्या बायांचं ओझं हलकं व्हावं म्हणून. तुमचं व्हावं म्हणून न्हाई."

हवालदारानं विचारलं, "बाई, नक्की बघितलं?"

"तीन पायऱ्या मागं व्हते."

रुमाल सांगितला. क्लँप सांगितला. हेल्मेट कुणाला होतं, कुणाला नव्हतं, तेही. आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द वाढवला नाही. वाढवायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला गेटवरूनच परत पाठवलं.

आता सणसवाडीला दुसऱ्या बांधकामावर आहे. आम्ही सात बाया. पहिल्या सकाळीच मुकादमाला सांगितलं: माल लिफ्टनं वर जाईल, वर जाळी लागेल, डोक्यावर हेल्मेटच बसेल, घमेलं नाही. तोवर आम्ही खाली बसून.

"लई झालं तुमचं. दुसऱ्या बाया आणीन," तो म्हणाला.

"आणा," म्हटलं. "गेटवर आधी मी गाठीन त्यास्नी. पारूचं सांगीन. मंग चढल्या तर चढू द्या."