ओळीनं आठ ठिपके

लोहाऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात मथुराबाई नर्स होत्या, हैदराबादेत शिकलेल्या. १९६२च्या उन्हाळ्यात नव्या डॉक्टरांनी त्यांना दोन वर्षांत दगावलेल्या तान्ह्या बाळांची महिन्याची सरासरी काढायला सांगितली.

"आधी महिनेवारी ठिपके मांडते," बाई म्हणाल्या. "आकडा एका जागी टिकून असंल, तरच सरासरीला अर्थ."

चौकटीच्या कागदावर पहिल्या सोळा महिन्यांचे ठिपके मधोमध ओढलेल्या सरासरीच्या रेघेच्या कधी खाली, कधी वर पडले. पुढचे आठ मात्र ओळीनं रेघेच्या वरच, म्हणजे मरणं वाढलेली.

"आठ ओळीनं वर, हा योगायोग नाही. गेल्या श्रावणापासून काय बदललं?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी आठवून पाहिलं. श्रावणात रॉकेल पुरेनासं झालं, तेव्हापासून त्या नाळेची कात्री उकळत नव्हत्या, नुसती कढत पाण्यात बुडवत होत्या.

"बदल मीच केला, साहेब."

त्या दिवसापासून दवाखान्यात काटक्यांच्या चुलीवर कात्री उकळू लागली. पुढल्या महिन्यांत ठिपके खाली उतरले. बाईंच्या तोंडाची चव मात्र गेली ती गेलीच.

एका सकाळी त्या तुळजाबाईच्या दारी गेल्या. तिचं पहिलं लेकरू माघात गेलं होतं.

"तुझं बाळ देवीनं न्हाय नेलं, बाई. माझ्या कात्रीनं नेलं."

 तुळजाबाईनं दार लावून घेतलं.