वॉकरचे रबरी बूट

स्पीकरखाली रबर असल्याशिवाय बेस मोकळा होत नाही, हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं देव जाणे. चिकलठाण्याच्या कंपनीत ओव्हरटाइम करून मी स्पीकर घेतले, ते ठेवायला पाइपचं बाकडं बनवून घेतलं, आणि गाणं लावलं की ते बाकडं फरशीवर थडथडायचं. खिडकीच्या काचासुद्धा साथ द्यायच्या. माझं डोकंच फिरायचं.

तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडं होते. गावी देवगाव रंगारीला दुष्काळानं विहिरीनं तळ गाठलेला, त्यातच दादा घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, आता उठून चालले नाहीत तर कायमचे अंथरुणाला खिळतील. मी वॉकर आणला. दादा हातच लावेनात. मी गोड बोलले, रागावले, रडलेसुद्धा. "उद्या बघू माय," एवढंच म्हणायचे. वॉकर कोपऱ्यात धूळ खात पडला.

त्याच्या चार पायांना चार जाड रबरी बूट होते. एके दिवशी ते उपसून मी बाकड्याला लावून बघितले. अगदी फिट्ट! आणि काय सांगू, थडथड गेलीच. तबल्यातला डग्गा कसा गोल, घुमून यायला लागला. मी लई खूश. दादांना विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, वापरतंय कोण?

त्याच रविवारी दुपारी मी डोळे मिटून ऐकत बसले होते. मधेच खर्रर्र, खर्रर्र. वाटलं, वरचे लोक पाण्याचे ड्रम ओढतायत. त्या दुष्काळात आठवड्यातनं एकदा नळ यायचा, तोही त्याच्या मर्जीनं, म्हणून घरोघरी ड्रम भरलेले. मी डोळे न उघडताच ओरडले, "अक्कल गहाण ठेवली का रे? बंद करा ती खरखर!"

खरखर थांबली.

"मीच हाय माय. नळ आलाय. लई हाका मारल्या तुला."

दादा दारात उभे होते. स्वतःच्या पायांवर. वॉकरचे उघडे पाइप गुळगुळीत फरशीवर सरकत होते आणि त्यांनी एका हातानं चौकट गच्च धरली होती. माझ्या रडण्यानं न उठलेला माणूस पाणी वाया जाऊ नये म्हणून उठला, आणि मी त्याची अक्कल काढली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्यांना खुर्चीत बसवलं, नळाखाली ड्रम लावला आणि त्यांच्यासमोरच बाकड्याचे बूट ओढून काढले. ते बघत होते. मी खाली मान घालून एकेक बूट वॉकरला परत बसवला.

आता दादा घरभर चालतात. बूट जागेवर आहेत, वॉकरचा जरासुद्धा आवाज होत नाही. बाकडं पुन्हा थडथडतं, थडथडू दे. पण गाणं लागलेलं असलं की दादा जागचे हलत नाहीत. संडासला जायचं असलं तरी कळ काढत बसतात, आणि मग खाटेवरनं हळूच विचारतात, "तुझं झालं का माय? मंग उठतो."

गाणं अर्ध्यात असतं. मी बटण दाबते आणि म्हणते, "कवाच झालं दादा."